देवीच्या छपराचं गवत

आमच्या वाडीत गोमाजीतात्यांना गवताविषयी काही विचारू नये. न विचारताच ते इतकं सांगतात की विचारायला जागा उरत नाही. पोलादपूर सोडून कुडपणच्या बाजूला चढायला लागलं की एका वळणावर आमची वाडी लागते. तिथल्या मोरीच्या कठड्यावर तात्या बसलेलेच असतात. गाडीतून उतरलेला परका माणूस कुणाकडे आला, कशाला आला, याची त्यांना पर्वा नसते. ते समोरच्या डोंगराकडे बोट करतात आणि म्हणतात, "तो माळ आपला."

माणूस बिचारा बघतो. पावसाळा सरत आला असेल तर माळावर छातीभर गवत डुलत असतं. दुरून दिसायला छानच दिसतं. माणूस सौजन्याने "वा" म्हणतो. या एका "वा"वर तात्या पुढचा आठवडा काढतात.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहे, बिरवाडीत खोली घेऊन राहतो आणि सुट्टी जोडून मिळाली की वर घरी येतो. तेवढ्यातही तात्यांचं गवत मला चुकत नाही. त्यांच्या बांधावरून एकदा चाललं की पँटच्या पायांना आणि मोज्यांना कुसळं अशी रुततात की बिरवाडीला परतल्यावर खोलीतला सोबती विचारतो, "काय रे, साळिंदराशी कुस्ती खेळून आलास का?" हेच ते जगप्रसिद्ध गवत. नाव कुसळी. उंच, कडक, ताठ, आणि शेंड्याला सुईसारखी टोकं. एकंदरीत मालकाच्या स्वभावाला शोभेल असं.

आता एवढ्या डोंगरात हेच गवत का, याला इतिहास आहे, आणि तात्या तो पाणी न पिता सांगतात. मी थोडक्यात सांगतो. कधीकाळी वाडीतल्या सोमजाईच्या देवळाला गवताचं छप्पर होतं. दरवर्षी ते नव्याने शाकारावं लागे, आणि त्यासाठी लागणारं गवत तात्यांच्या आज्याच्या माळावरून येई. त्यातून मान पडला. तात्यांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने माळावर पहिला भारा कापायचा, वाजतगाजत देवळात न्यायचा, आणि तो देवीला पोचेपर्यंत वाडीत कुणीही कुठल्याही गवताला विळा लावायचा नाही; पोचला की तात्यांचा माळही सगळ्यांना खुला. छपराला गवत हवं असे उंच, पूर्ण पिकलेलं, पाण्याला दाद न देणारं. म्हणून भारा निघायचा दसरा उलटल्यावर, गवत पिवळं पडून कुसळं गळायला लागली की. छपरासाठी हे सगळं अगदी बरोबर होतं. देवी काही छप्पर खात नव्हती.

पुढे मुंबईकर मंडळींनी देवळावर स्लॅब घातला. समोर पत्र्याचा मोठा सभामंडप उभा केला. त्याच्या भिंती जाळीच्या करायच्या की विटांच्या यावरून भांडण झालं, म्हणून त्या राहूनच गेल्या. मंडप चारही बाजूंनी उघडा आहे. घरांवर आधी कौलं आली, मग पत्रे आले. आज वाडीत गवताने शाकारलेली एकच गोष्ट शिल्लक आहे, ती म्हणजे तात्यांचं डोकं.

पण मान राहिला. अजूनही दसऱ्यानंतर ढोल वाजतो, तात्या फेटा बांधून पुढे, डोक्यावर वाळका भारा. केरू गुरव शिडी लावून चढतो आणि तो भारा मंडपाच्या पत्र्यावर तारेने बांधतो. खालून कुणीतरी म्हणतं, "शाकारलं रे." झालं, छप्पर शाकारलं. पुढच्या वाऱ्यात भारा सुटून देवळामागे पडतो. तिथे शेळ्या येतात, वास घेतात आणि पुढे जातात.

एवढ्यावर थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ज्याच्या घरी गवताचा मान, त्याला गवतातलं कळतं, अशी तात्यांची स्वतःविषयी समजूत आहे. त्यांच्याकडे गवत पारखायचं माप एकच, उंची. डोक्याला लागलं तर उत्तम, छातीला लागलं तर चालेल, गुडघ्याला लागलं तर ते गवतच नव्हे. आमच्याकडे मारवेल होतं, पवन्या होतं. दोन्ही मऊ, पानाळ. गुरं सोडली की आधी तीच हुडकतात. तात्या त्यांना लोळणारं गवत म्हणतात. "ज्याला धड उभं राहता येत नाय," ते विचारतात, "ते गुरांना काय उभं करणार?" ही तुलना त्यांना इतकी आवडते की ऐकणारा हसेपर्यंत ते ती पुन्हा पुन्हा सांगतात.

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. पाऊस लागला की मऊ गवताच्या पट्ट्यात गुरं मोकळी सोडायची आणि मुळापर्यंत खाऊ द्यायची. कुसळीकडे मात्र एकाही जनावराला फिरकू द्यायचं नाही. शिमगा झाला की माळ पेटवून द्यायचा. आगीने मऊ गवताची मुळं करपतात, कुसळीला ढिम्म होत नाही, उलट पुढच्या पावसात ती दुप्पट जोमाने उठते. हे तात्यांना माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणूनच ते काडी लावतात. आणि आगीला बांध कळत नसल्यामुळे आजूबाजूच्यांचे माळही हळूहळू तसेच होत गेले. लोक कुरकुरले, तर तात्या म्हणाले, "फुकटात माळ सुधारून दिला, तर तोंड वाकडं करताय."

या सुधारणेची फळं त्यांच्या बायकोला, आवडीकाकीला, गोठ्यात मिळायची. काकीची तांबू नावाची गाय आहे. शेण काढण्यापासून दूध काढण्यापर्यंत तात्यांचा तिच्याशी काही संबंध नाही; ते फक्त तिचं खाणं ठरवतात. पिकून वाळलेली कुसळी म्हणजे पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. वर कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. मग काकी एका हाताने गाईचा जबडा धरते, दुसऱ्या हाताने कुसळं उपटते आणि हळद-तेल लावते. मागल्या उन्हाळ्यात मी निरोप द्यायला गेलो होतो, तेव्हा हेच चाललं होतं. तात्या ओटीवर पान लावत होते.

"अवो, जरा इकडं या," काकी म्हणाली. "हात घाला."

"कुठं?"

"गाईच्या तोंडात. तुमचा मान हाय आत. काढा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"कुसळ कुणाच्या गुराला लागत नाय गो?" तात्या म्हणाले. "होतं बरं आपोआप."

"तोंड होतं बरं. दूध नाय होत." काकीने गाईला सोडलं आणि हात धुतले. "शिमग्याला आटली. वासरू पाय घासत गेलं माझ्यासमोर. परत व्यायली की त्याही वासराला तुमचं छप्परच घालू?"

तात्यांनी पान तोंडात टाकलं. तोंडात पान असलं की त्यांना उत्तर देता येत नाही, आणि उत्तर नसलं की ते पान खातात.

तांबू श्रावणात पुन्हा व्यायली. कालवड झाली. काकीने तात्यांना सरळ सांगून पाहिलं की यंदा गवत फुलोऱ्यात असतानाच कापू. कोवळं असतं, ताकद असते, कुसळं झालेली नसतात. तात्या म्हणाले, पहिला भारा दसऱ्यानंतर. मग वाडीतल्या सगळ्यांत जाणत्या चंद्रभागाआजीनेही त्यांना मोरीवर गाठून तेच सांगितलं. तात्या म्हणाले, पहिला भारा दसऱ्यानंतर. शेजारची माधुरी, जिचा नवरा मुंबईला असतो आणि जी दोन गाईंचं दूध पोलादपूरला घालते, ती तर म्हणाली, "तात्या, तुमचं राहू द्या. मी माझ्या माळावरचं कापते." तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देवळातली घंटा भंगारात घालायची परवानगी मागितली. "माझ्या भाऱ्याआधी?" ते म्हणाले. "घाल विळा. मग गावकीत भेटू."

गावकी म्हटलं की आमच्याकडे माणूस गप्प बसतो. दंडापेक्षा त्या बैठकीत जे ऐकावं लागतं ते वाईट. माधुरीने विळा परत भिंतीला अडकवला.

त्या साली अधिक महिना आल्यामुळे गौरी-गणपती उशिरा आले, आणि गणपती बसले तशी पावसाने छान उघडीप दिली. माळावर सगळं गवत फुलोऱ्यावर आलं होतं. ओढ्याच्या काठाला आणि बांधांच्या कडेला, जिथे तात्यांची आग पोचत नाही, तिथे मारवेल कमरेपर्यंत आलं होतं. मी सणाला लांब रजा टाकून घरी होतो. गौरी आणायच्या दिवशी बायका माळावर जातात, तेरडा उपटतात, रानातल्या आणखी चार वनस्पती घेतात आणि गौर म्हणून घरी आणतात. या कामाला विळा चालतो, आणि कुणाच्या परवानगीची गरज नसते. गौर काय गोमाजीला विचारून माहेरी येते?

दुपारी मी तात्यांच्या शेजारी मोरीवर बसलो होतो, इलाज नव्हता म्हणून. समोरून आवडीकाकी आली. डोक्यावर भला मोठा भारा. भाऱ्याच्या पुढच्या बाजूला तेरड्याची चार गुलाबी फुलं खोचलेली, बाकी सगळं हिरवंगार मारवेल.

तात्या उठून उभे राहिले. "आवडे, हे काय?"

"गौर."

"एवढी?"

"यंदा थोरली हाय."

"ह्यात मारवेल हाय गो."

"असेल." काकी थांबली नाही, फक्त चाल हळू केली. "लेक माहेराला येते, तिला मऊ अंथरूण नको? का तुमच्या कुसळीवर निजवू तिला?"

तात्या परत कठड्यावर बसले. गौरीच्या अंथरुणाविरुद्ध बोलायची ताकद आमच्या वाडीत कुणाही पुरुषात नाही. मागून माधुरी येत होती, तिच्या भाऱ्यावर तेरड्याचं एकच फूल होतं. तिच्या मागे चंद्रभागाआजी. तिने फूल खोचायचीही तसदी घेतली नव्हती.

"आजे, तुझी गौर कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"आतल्या अंगाला," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गौर जेवायला बसली, तेव्हा तिच्या जेवणासाठी गवत लागलं. तिसऱ्या दिवशी ती सासरी निघाली, तेव्हा वाटेत बसायला लागलं. ती गेल्यावर तिच्या मागची आवराआवर निघाली, तिला आणखी लागलं. बायका पहाटेच माळावर चढत. विळा जमिनीला घासायचा नाही, चार बोटं बुडखा ठेवायचा, म्हणजे पुन्हा फुटवा येतो, एवढं आजी दहादा ओरडून सांगायची. तात्या खालून बघायचे. ओरडावं तर गौर आडवी येते, गप्प बसावं तर मान जातो, अशा कात्रीत सापडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला आणि पोटभर पाहिला.

प्रश्न होता वाळवायचा. भाद्रपदातलं ऊन भरवशाचं नाही, आणि ओलं गवत रचलं की सडतं. तर बायकांनी ते नेऊन टाकलं सभामंडपात. वर पत्रा, चारही बाजूंनी वारा. भिंतींवरून झालेल्या भांडणाचा इतका उपयोग होईल असं भांडणाऱ्यांनाही वाटलं नसेल. देवळात गौरीचं गवत ठेवायला गुरवाने कशाला हरकत घ्यावी? केरूने घेतली नाही. केरूच्या घरीही म्हैस आहे.

मग पाऊस आला. तीन-चार दिवस धार लागली, आणि घाईघाईत माळावरून ओढून आणलेलं अर्धओलं गवत बायकांनी कोपऱ्यात ढीग करून ठेवलं. तात्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग चढला. ते रोज सकाळी छत्री घेऊन मंडपात जायला लागले. देवीला नमस्कार करायचे, मग ढिगाजवळ जाऊन नाक वर करून वास घ्यायचे, आणि समाधानाने परत यायचे. एके दिवशी मी मंडपाच्या कडेला मोबाइल घेऊन बसलो होतो, कारण वाडीत रेंज तेवढी तिथेच मिळते.

"वास येतोय," तात्या मला म्हणाले.

"कसला?"

"कुजल्याचा. अकलेचा." आणि हसले.

त्यांचं हसणं चंद्रभागाआजीने ऐकलं. ती आली, लुगड्याचा पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात ढिगात घातला. तसाच ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गरम हाय," ती म्हणाली. "आवडे, माधुरी, या इकडं. आतून तापलंय. सगळं काढा, पसरा. पातळ पसरा."

अख्खा ढीग उपसला गेला. मधोमध टोपलीभर गवत काळं पडून बुरशीला लागलं होतं, ते फेकलं. बाकीचं दिवसभर उलथलं, वाऱ्यावर धरलं आणि वाचलं. फेकलेल्यातलं मूठभर काळं गवत तात्यांनी उचललं आणि पुरावा म्हणून वाडीभर हिंडवलं. दारोदार. लोक बघायचे, नाक धरायचे. चौथ्या घरी त्यांना विचारलं, "तात्या, चहा घेणार का? पण आधी ते टाका."

पाऊस थांबला, आणि नवरात्राच्या तयारीला मुंबईहून किशोर आला. किशोर म्हणजे चंद्रभागाआजीचा मुलगा, मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी. गावात पाऊल टाकलं की त्याला गाव अस्वच्छ वाटतं. मंडपातलं गवत पाहून तो दारातच उभा राहिला.

"ये क्या है?" तो म्हणाला. "हे मंडप हाय का तबेला? घटस्थापनेला डेकोरेशनवाला येणार. लोक व्हिडीओ काढतील. हे आजच्या आज क्लीन पायजे."

तात्यांना वाटलं, देवच धावून आला. त्यांनी त्याच दुपारी गावकी बसवली. मंडपातच बसली, गवत जरा बाजूला सारून. पुरुष पुढे, बायका मागे खांबांना टेकून, हातात काम नाही अशा क्वचित दिसणाऱ्या अवस्थेत. तात्या फेटा बांधून आले होते. उभे राहिले आणि आज्यापासून सुरुवात केली. आज्याने छप्पर कसं शाकारलं, बापसाने कसं शाकारलं, माळ कसा राखला, गवत कसं उंच केलं. शेवटी म्हणाले, "पयल्या भाऱ्याआधी विळा लावला. गौरीच्या नावानं लावला. ही फसवणूक हाय. मी माणसांना विचारत नाय. देवीला विचारा. केरू, कौल लाव."

कौल म्हणजे देवीच्या अंगावर फुलांच्या कळ्या लावायच्या, सवाल घालायचा, आणि उजवी कळी पडते की डावी ते बघायचं. सगळ्यांनी केरूकडे पाहिलं. केरूने शांतपणे तंबाखू मळली.

"लावतो की," तो म्हणाला. "पण तात्या, गवताचा सवाल देवीपुढं कधी घालायचा? पयला भारा पोचल्यावर. मागं ओढ्याकडच्या गवताच्या हद्दीवरून भांडण लागलं होतं, तवा मी कळ्या घेऊन उभा होतो आणि तुम्हीच मला हाताला धरून खाली बसवलंत. म्हणालात, माझा भारा येईपर्यंत देवी गवतावर बोलत नाय."

कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

"मग भारा गेल्यावर विचारू," तात्या म्हणाले. "दसऱ्यानंतर."

"दसऱ्यानंतर मी कुठं असणार?" किशोर म्हणाला. "मला ड्युटी हाय. दरवर्षी ह्याच लफड्यासाठी रजा टाकू का? आत्ताच हात वर करून ठरवून टाकू, हा भारा-बिरा ठेवायचा का बंद करायचा. छप्पर तर पत्र्याचंच हाय."

तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हिशेब करताना पाहिलं. पुरुष खाली बघत होते. मागे बायका, आणि बायकांचे हात अगदी मोकळे. हात वर करायला सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तात्यांनाही कळलं. माळ राहिला असता, गवत राहिलं असतं, फेटासुद्धा राहिला असता. फक्त तो बांधून जायला कुठे जागा राहिली नसती.

"भारा देतो," ते घाईने म्हणाले. "उद्या सकाळीच देतो. मग लाव कौल."

"पण पिकलं नाय ना अजून," मागून आवडीकाकी म्हणाली, इतक्या साळसूद आवाजात की मी वळून पाहिलं. "हिरवा भारा चालंल देवीला?"

"भारा माझा हाय. चालंल का नाय ते मी ठरवणार."

"तसंच म्हणा," चंद्रभागाआजी म्हणाली. "आणि भारा पोचला की माळ उघडला ना रे सगळ्यांना?"

तात्यांच्या लक्षात आलं तोवर केरूने उत्तर देऊन टाकलं होतं. "उघडला. नियमच हाय तो."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ढोल वाजला. तात्या माळाच्या तोंडाशी उभे राहिले, विळ्याला कुंकू लावलं, आणि कुसळीच्या फुलोऱ्यावर, कुसळं धरायच्या कितीतरी आधी, त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच विळा चालवला. हिरवं गवत कापायची सवय नव्हती. वाळकं कसं टचकन तुटतं, हे लोंबतं, विळ्याला गुंडाळतं. भारा बांधून डोक्यावर चढवला तर त्यांची मान आखूड झाल्यासारखी दिसली. वाळका भारा म्हणजे नुसती हवा. हिरव्यात पाणी असतं. ढोलवाला पुढे निघून गेला, तात्या मागे राहिले, मग ढोलवाला उभा राहून वाजवू लागला.

त्यांच्या मागे बांधावर बायका रांगेने उभ्या होत्या, विळे पदराआड. भारा देवळाच्या पायरीला टेकला आणि खालून ढोलाचा शेवटचा ठोका ऐकू आला, तशी रांग मोडली. मी माळावर होतो, मला काकीने भारे बांधायला धरून ठेवलं होतं. एका ओळीत नुसता विळ्यांचा आवाज सुरू झाला. तात्यांची सगळी कुसळी त्या दिवशी कोवळी होती. बोट फिरवलं तरी टोचत नव्हती.

पहिली खेप घेऊन मी देवळात उतरलो तेव्हा तात्या आणि केरू यांच्यात वाद चालला होता. शिडी लावलेली होती, पण केरू चढायला तयार नव्हता.

"हिरवं गवत पत्र्यावर बांधलं तर कुजणार, आणि कुजलं तर गळून दारात पडणार," केरू म्हणाला. "आत पसरा. वाळलं की बघू."

"पसरू? मानाचा भारा? ह्यांच्या गवतात?"

"बाजूला पसरा की. कोण मिसळतंय? आणि कौलाचं काय, लावायचा का? कळ्या आणल्यात मी."

तात्यांनी मंडपात नजर फिरवली. गावकी म्हणून तिथे मी, केरू आणि एक झोपलेला कुत्रा होता. किशोरला आजीने भारे वाहायला माळावर पाठवलं होतं. निघण्याआधी त्याने मंडपातूनच डेकोरेशनवाल्याला फोन करून सांगितलं होतं, की समोर पडदा लावू आणि मागच्या बाजूचं गवत दिसणार नाही.

"कुणावर लावणार आता," तात्या म्हणाले. "माळ मीच उघडला." हे वाक्य त्यांना जरा बरं वाटलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा म्हटलं, "मीच उघडला."

मग त्यांनी देवळातून काथ्याची दोरी मागून घेतली, मंडपाच्या एका कोपऱ्यात भारा सोडून पसरला आणि सभोवार दोरी टाकून रिंगण केलं. रिंगणाजवळ मांडी घालून बसले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, "दोरीच्या आत मानाचं गवत हाय. हात लावायचा नाय."

माधुरी भारा घेऊन आली, जागा नव्हती, तिने दोरीला लागूनच सोडला. निम्मं गवत आत गेलं. तात्या खवळले. मग त्यांनी दोरी उचलून त्या गवताच्या पलीकडे टाकली. "आत आलं म्हणजे मानाचं झालं," ते म्हणाले. माधुरीने मान डोलावली आणि पुढची खेप आणायला गेली. केरूच्या बायकोने भारा सोडला, दोरी आणखी सरकली. किशोरने सोडला, तेव्हा दोरी खांबापर्यंत गेली. दुपारपर्यंत दोरी पुरेना, तेव्हा तात्यांनी केरूकडून आणखी एक घेतली आणि गाठ मारली. कलती उन्हं मंडपात शिरली तेव्हा पुढची पडद्याची जागा सोडली तर सगळ्या वाडीचं गवत रिंगणाच्या आत होतं आणि तात्या त्याच्या मधोमध उभे होते. इतका मोठा मान त्यांच्या आज्यालाही मिळाला नसेल. चेहऱ्यावर तेज आलं होतं. फेट्यात गवताच्या काड्या होत्या.

आवडीकाकी शेवटचा भारा घेऊन आली. तो दोरीबाहेर टेकवला, दोरी पायाने उचलून भाऱ्याच्या मागे घेतली, आणि वाकून गवताच्या खालून हात घालून पाहिला.

"खालची बाजू ओली हाय," ती म्हणाली. "उलथायला पायजे. नायतर उद्या तापंल."

"मग उलथा की. एवढ्या बायका हायत."

"मानाच्या गवताला आम्ही कसा हात लावणार?" काकी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना सकाळपासून सगळ्यांना." आणि कालवडीला पाजायची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीच्या बाहेर होतो, आणि तिथेच राहिलो. मग ते वाकले, एका कोपऱ्यापासून सुरुवात केली, आणि मूठमूठ करत सगळ्या वाडीचं गवत उलथायला लागले.